शेक संपला, पण तोंड उघडत नाही

नागपूरच्या एका ताईंनी विचारलं आहे: "माझे मिस्टर ४६ वर्षांचे आहेत. डाव्या गालाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं, छातीचं मांस फिरवून गाल भरला. मग ३० शेक झाले. शेवटचा शेक होऊन सात आठवडे झाले. डॉक्टर म्हणाले, रिपोर्ट चांगले आहेत, सगळं संपलं. पण तोंडात जेमतेम एक बोट जातं. पातळ तेवढंच खातात, चव नाही म्हणतात. खांदा दुखतो. बोललेलं समोरच्याला कळलं नाही की चिडतात, म्हणून आता बोलणंच सोडलंय. दुकानात जात नाहीत. पुढच्या महिन्यात भाच्याचं लग्न आहे, तिथेही येणार नाही म्हणतात. सगळं संपलं असेल, तर मग हे काय चालू आहे?"

ताई, तुमच्या शेवटच्या वाक्यापासूनच सुरू करते. डॉक्टर जे संपलं म्हणाले ते आजाराबद्दल, आणि ती खरोखर चांगली बातमी आहे. तोंडाचं काम मात्र आत्ता कुठे सुरू झालंय. मी बोलणं आणि गिळणं परत शिकवणारी थेरपिस्ट आहे. बावीस वर्षं नागपुरात हेच करते. छिंदवाडा, बालाघाटपासून चंद्रपूरपर्यंतची माणसं माझ्यासमोरच्या खुर्चीत बसून गेली, आणि बहुतेकांच्या फायलीवर कारणाच्या रकान्यात एकच शब्द असतो: खर्रा, म्हणजे तंबाखू, सुपारी आणि चुन्याचं घोटलेलं मिश्रण. तुमच्याकडेही तोच असेल असं धरून चालते. त्याच्याबद्दल पुढे बोलू.

शेकाचं, म्हणजे रेडिएशनचं, एक लक्षात घ्या. मशीन बंद झालं म्हणून त्याचा परिणाम त्या दिवशी थांबत नाही. तोंड सोलवटणं, जळजळ हे शेवटच्या शेकानंतर एक-दोन आठवडे उलट वाढतं आणि मग हळूहळू उतरतं. तो भाग तुमच्याकडे बहुतेक मागे पडला असेल. पण आत दुसरं काहीतरी चालू असतं, ते दुखत नाही म्हणून कळत नाही. जबड्याचे स्नायू आणि ऑपरेशनची जागा हळूहळू आवळत जाते. पहिल्या सहा ते नऊ महिन्यांत हे सगळ्यात जोरात होतं. म्हणून तुमच्या यादीत मी सगळ्यात आधी तोंड उघडणं घेते. चव थांबू शकते, लग्न थांबू शकत नाही तरी त्याचं बघू, जबडा मात्र थांबत नाही.

साध्या माणसाची स्वतःची तीन बोटं उभी तोंडात जातात. मोजपट्टीत सांगायचं तर वरच्या-खालच्या दातांत ३५ मिलिमीटरच्या आत अंतर आलं की आम्ही तोंड आखडलं म्हणतो. भाऊंना एक बोट जातं, म्हणजे पंधरा-वीसच्या आसपास. यात ऑपरेशनचा वाटा आहे, शेकाचा आहे, आणि खर्ऱ्यातल्या सुपारीचा आहेच. सुपारीनं गालाची आतली कातडी आधीपासून दोरीसारखी कडक झालेली असते. मी पेशंटला नेहमी विचारते, अख्खी पाणीपुरी तोंडात मावायची कधी बंद झाली? प्रत्येकाला आठवतं. कुणी म्हणतो चार वर्षं, कुणी म्हणतो पोरगी झाली तेव्हापासून. कॅन्सरच्या कितीतरी आधीचं असतं ते.

आता व्यायाम. औषधाच्या दुकानातून जीभ दाबायच्या लाकडी चपट्या काड्या आणा, डॉक्टर तोंडात घालून बघतात त्या. नाहीतर आईस्क्रीमच्या नव्या, कोऱ्या काड्या. एक काडी साधारण दीड-दोन मिलिमीटर जाड असते. जितक्या आरामात दाढांमध्ये बसतात तितक्या एकावर एक ठेवायच्या, ज्या बाजूला दात शाबूत आहेत त्या बाजूनं. मग मधोमध एक काडी हळूच आत सरकवायची. ताण जाणवला पाहिजे, कळ यायला नको. तीस सेकंद धरायचं, काढायचं, थोडं थांबायचं, परत. असं पाच वेळा म्हणजे एक फेरी, आणि दिवसातून पाच-सहा फेऱ्या. आधी गरम पाण्यात भिजवून पिळलेला कापड गालावर धरा. तिथली कातडी बधिर असते, चटका बसलेला कळत नाही, म्हणून कापड आधी तुमच्या मनगटावर लावून बघा.

एक ऑटोवाले भाऊ होते माझ्याकडे. पहिल्या दिवशी नऊ काड्या. आठवड्यानं नऊच. चिडून म्हणाले, "मॅडम, हे काड्यांचं काय करून राहिलो मी, काही होऊन नाही राहिलं." त्यांच्या बायकोनं भिंतीवरच्या कॅलेंडरवर, जिथे दुधाचा हिशेब लिहायच्या त्याच चौकोनात, काड्यांचा आकडा लिहायला सुरुवात केली. वर दूध, खाली काड्या. तिसऱ्या आठवड्यात दहा झाल्या. चार महिन्यांनी सतरा. एवढ्यात चमचा आडवा जातो, दात घासायचा ब्रश मागच्या दाढेपर्यंत पोचतो, पोळीचा छोटा घास जातो. सुरुवातीच्या त्या दोन आठवड्यांत आकडा हलत नाही आणि तिथेच निम्मे लोक सोडून देतात. जबडा उघडायची महागडी यंत्रंही मिळतात. ज्यांना दात नाहीत किंवा काड्यांनी खरंच भागत नाही त्यांना ती लागतात, पण पैसे नाहीत म्हणून व्यायाम नाही, असं करू नका.

सुरू करण्याआधी सर्जनला एकच विचारा: जबड्याचं हाड कापलं किंवा घासलंय का, प्लेट आहे का? तसं असेल तर किती ताण द्यायचा ते तेच सांगतील. हलणाऱ्या दातावर काड्या टेकवू नका. आणि बारा काड्या जात होत्या त्या व्यायाम चालू असताना अचानक नऊवर आल्या, तर पुढच्या तारखेची वाट न बघता दाखवून या. आवळणं हळू होतं. झपाट्यानं तोंड बंद व्हायला लागलं तर आत काय आहे ते बघावंच लागतं.

खाण्याचं. पहिली गोष्ट, भाऊ पाणी पिताना ठसकतात का, पाणी प्यायल्यावर आवाज घोगरा, ओला येतो का, संध्याकाळी बारीक ताप येतो का, हे चार दिवस नीट बघा. यातलं काही असेल तर घास श्वासनलिकेत जातोय का ते तपासून घ्यावं लागतं. कधी कधी तो जातो आणि ठसकासुद्धा येत नाही. खाताना ताठ बसायचं, लहान घोट, एका घोटानंतर दुसऱ्यांदा कोरडंच गिळायचं. खाताना टीव्ही नको.

पातळ म्हणजे पाणीदार असं समजू नका. आपल्याकडे पेशंटला पातळ म्हटलं की वरणाचं पाणी आणि साबुदाण्याची खीर सुरू होते. त्यात ताकद कुठली? गुरगुट्या भात घट्ट वरणात कालवून वर तूप सोडा. सातूचं पीठ दुधात. भरड्याची पातळ उकड, दह्यातलं मऊ मेतकूट-भात, अंडं चालत असेल तर मऊ भुर्जी मिक्सरमधून काढून. ज्वारीची आंबील, पण फार आंबवलेली नको, झोंबते. शेंगदाण्याचं बारीक कूट कशातही मिसळतं. डब्यातल्या प्रोटीन पावडरीवर महिन्याला हजार-दोन हजार घालणाऱ्यांना मी नेहमी म्हणते, आधी अंडी आणि दही पोटात जातंय का ते बघा. दर रविवारी सकाळी एकाच काट्यावर वजन करा. महिन्यात तीन किलो उतरलं तर आहारतज्ज्ञाकडे जायचंच.

चव बहुतेकांना परत येते. घाईनं नाही. तीन महिन्यांनी थोडी, सहा महिन्यांनी बऱ्यापैकी, काहींना वर्ष लागतं. गोड, आंबट, खारट एकदम येत नाहीत, एकेक करून येतात, त्यामुळे मधल्या काळात अन्न विचित्र लागतं. तुमच्या हातची भाजी त्यांना मातीसारखी लागली आणि ते ताट सरकवून उठले, तर तो स्वयंपाकाचा दोष नाही. तिखट मात्र अनेकांना पुढेही सोसत नाही. सावजी रश्शाला मुकलेला नागपूरकर म्हणजे काय दुःख असतं ते मी जाणते, हसण्यावारी नेत नाही. एका काकांनी वर्षभरानंतर बायकोला सावजी मसाल्याची नुसती फोडणी द्यायला लावली होती, वासासाठी.

लाळ कमी होणं हे जास्त दिवस राहतं, काहींना कायमचं. पाण्याची बाटली सतत जवळ, दर दहा मिनिटांनी एक घोट. एक ग्लास कोमट पाण्यात पाव चमचा मीठ आणि पाव चमचा खायचा सोडा घालून दिवसातून सात-आठ वेळा चूळ. बाजारातल्या झणझणीत माउथवॉशला हात लावू नका, त्यातल्या अल्कोहोलनं तोंड आणखी सुकतं. आपल्या मे महिन्यात कूलरसमोर तोंड उघडं ठेवून झोपलं की सकाळी जीभ टाळ्याला चिकटलेली असते; रात्री उशाशी पाणी हवंच. संत्री-मोसंबी सध्या बंद ठेवा, झोंबतातही आणि लाळ नसताना आंबटानं दात झिजतातही.

दातांचं हे वाक्य मात्र फ्रिजवर लिहून चिकटवा: शेक झालेल्या बाजूचा दात परस्पर काढायचा नाही. आज नाही, पाच वर्षांनीही नाही. शेकानं त्या हाडाचा रक्तपुरवठा कमी झालेला असतो, दात काढलेली जागा कधी कधी भरतच नाही आणि हाड सडायला लागतं. कुठल्याही दातांच्या डॉक्टरकडे गेलात तर खुर्चीत बसायच्या आधी सांगा, शेक झालाय. शेकाचा कागद सोबत न्या. मेडिकलच्या, म्हणजे नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या, आवारातल्या शासकीय दंत महाविद्यालयात दाखवलं तरी चालेल. फ्लोराइडची पेस्ट, मऊ ब्रश, दिवसातून दोनदा.

खांद्याचं कारण मानेत आहे. मानेच्या गाठी काढताना खांदा उचलणाऱ्या नसेला ताण बसतो. हात डोक्यावर जात नाही, शर्ट घालताना त्रास होतो, खांदा खाली उतरल्यासारखा दिसतो. फिजिओथेरपी आत्ताच सुरू करा. सहा महिने हात छातीशी धरून ठेवला तर सांधा जाम होतो. हनुवटीखालची सूज सकाळी जास्त आणि दुपारनंतर कमी असेल तर ती बहुधा पाणी साचल्याची असते, तिची मालीश फिजिओ शिकवतात. मानेला शेक झालेल्यांचं थायरॉइड पुढे मंदावू शकतं. सहा महिन्यांनी, वर्षानं रक्त तपासा. नुसताच थकवा, नुसतीच उदासी, आणि कारण थायरॉइड, असं मी पाहिलंय.

आणखी एक, जे पुरुष कुणालाच सांगत नाहीत. छातीचं मांस गालात लावलं की छातीवरचे केस गालाच्या आत उगवतात. शेकानं पुष्कळदा कमी होतात, सगळ्यांचे नाही. घास अडकतो, वास येतो, किळस वाटते. भाऊंना विचारा, आणि असेल तर सर्जनला दाखवा, ते काढता येतात. दोन-तीन पेशंटनी या एका गोष्टीपायी बायकोशी जवळीक सोडली होती. विचारायला लाजू नका. आणि घरात कुणाच्या मनात असेल तर स्पष्ट सांगते, हा आजार उष्ट्यानं, एका ग्लासानं, जवळ झोपल्यानं लागत नाही. भाऊंचं ताट-पेला वेगळा केला असेल तर आजच परत मिसळा.

आता बोलणं. गालाच्या ऑपरेशनमध्ये ओठाच्या कोपऱ्याची नस दुखावली की ओठ पुरते मिटत नाहीत, त्यामुळे प, फ, ब, भ, म हे पाच बिघडतात. जिभेचं ऑपरेशन असलं की ट, ड, र आणि आपला ळ जातो. म्हणजे "पाणी" कळत नाही पण "चहा" कळतो, असं तुमच्याही लक्षात आलं असेल. सकाळी दहा मिनिटं पेपरातले मथळे मोठ्यानं, हळू, शब्द सुटे करत वाचायचे. दर रविवारी एकच परिच्छेद मोबाइलवर रेकॉर्ड करा. महिन्यानं पहिलं आणि चौथं सलग ऐकवा. त्यांना फरक जाणवतच नाही, ऐकल्यावर पटतो.

घरच्यांसाठी दोन नियम. त्यांचं वाक्य तुम्ही पूर्ण करायचं नाही. आणि कळलं नाही तर कळल्यासारखी मान हलवायची नाही. "पहिला शब्द कळला, पुढचं परत सांगा" असं म्हणायचं. मान हलवलेली त्यांना बरोबर कळते. माणूस बोलणं सोडतो ते शब्द नीट येत नाहीत म्हणून कमी, समोरचे ऐकल्याचं नाटक करतात म्हणून जास्त.

सुरुवातीच्या वर्षांत माझ्या हातून एक चूक झाली, ती सांगते. एका शिक्षकांना मी उत्साहानं म्हटलं, सगळ्यांसोबत जेवा, लपू नका. शेक संपून दोन महिनेही झाले नव्हते. ते ऐकून भावाकडे जेवायला गेले. बधिर ओठावरून वरण हनुवटीवर आलं, त्यांना कळलं नाही, सहा वर्षांच्या पुतणीनं बोट दाखवलं. ते मधूनच उठले, आणि वर्षभर घरी भिंतीकडे तोंड करून जेवत होते. माझ्याकडेही आले नाहीत. बायको येऊन सांगून गेली. तेव्हापासून मी पायऱ्या आखून देते. आधी आरशासमोर एकट्यानं. मग फक्त तुमच्यासोबत. आणि एक खूण ठरवा: त्यांच्या ओठाशी काही लागलं की तुम्ही काही न बोलता स्वतःच्या ओठाच्या कोपऱ्याला हात लावायचा. मग मुलं. मग एखादा जवळचा मित्र, जेवायला नाही, चहाला. चहा पेल्यातूनच, स्ट्रॉ ओढायला ओठ मिटावे लागतात. दुकानही असंच. आधी दुपारचा एक तास, गिऱ्हाईक कमी असताना.

आपल्याकडे आणखी एक गंमत आहे. उन्हाळ्यात सगळं नागपूर तोंडाला दुपट्टा बांधून फिरतं, त्यामुळे माझे पेशंट मेमध्ये बिनधास्त बाजारात जातात. पाऊस सुरू झाला, लोकांचे दुपट्टे उतरले, की हे घरात बसतात. मी दुपट्ट्याला नाही म्हणत नाही. कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात, ओळखीच्या माणसासमोर तो उतरवता आला की झालं.

खर्ऱ्याबद्दल घरात बोलणं झालंय का? बहुतेक घरांत होत नाही. नातेवाईक येऊन "खाल्ला न, आता भोगा" म्हणून जातात, माणूस खाली मान घालून ऐकतो. तुम्हालाही राग असेल. "वीस वर्षं सांगितलं, ऐकलं नाही, आणि आता रात्री मिक्सर मी फिरवते." हा राग खोटा नाही. तो एकदा, शांतपणे, त्यांना सांगून टाका. रोज थोडा थोडा टोमण्यांतून देण्यापेक्षा ते बरं. पण व्यसन हे व्यसनासारखंच हाताळा. तोंड जरा बरं झालं की ठेल्यावरचे दोस्त "थोडासा चालते न बे" म्हणतात, आणि प्लास्टिकच्या पन्नीवर घोटलेल्या त्या खर्ऱ्याचा वास चौकात येतोच. परत सुरू झाला तर आजार उलटण्याचा आणि तोंडात दुसरीकडे नवा होण्याचा धोका वाढतो. नुसती सुपारीही नको. तलफ फार असेल तर डॉक्टरांना निकोटीनच्या पट्टीबद्दल विचारा. च्युइंगम या तोंडाला नको. १८०० ११ २३५६ हा तंबाखू सोडण्यासाठीचा सरकारी, मोफत नंबर आहे.

मनाचं एक गंभीरपणे. चिडणं, रडणं, गप्प राहणं हे या काळात होतं. पण दोन आठवड्यांहून जास्त झोप नाही, कशातच रस नाही, "माझ्यावर खर्च कायले करता", "मी नसतो तर बरं" अशी भाषा सुरू झाली, तर ती बोलायची पद्धत समजून सोडू नका. सरळ विचारा, जीव द्यायचे विचार येतात का? विचारल्यानं ते डोक्यात भरत नाहीत. टेली मानस ही मनाच्या त्रासासाठीची सरकारी हेल्पलाइन आहे, नंबर १४४१६, चोवीस तास, मराठीतही बोलता येतं. मेडिकलच्या मनोविकार विभागात दाखवा. औषध लागलं तर घ्यावं. आणि तुम्ही स्वतः शेवटचं कधी पोटभर झोपलात? आठवड्यातली एक दुपार दिराला नाहीतर बहिणीला बसवा आणि घराबाहेर पडा.

तपासणीच्या तारखा चुकवू नका, पहिली दोन वर्षं तर नाहीच. आजार उलटला तर बहुतेकदा याच काळात. तोंडात तीन आठवड्यांत न भरणारी जखम, मानेत गाठ, नवीन कानदुखी, रक्त, यातलं काही दिसलं तर तारखेच्या आधी जा.

राहिलं लग्न. न्या त्यांना, पण जेवायला नेऊ नका. घरी पोटभर खाऊ घाला, चूळ भरून, पाण्याची बाटली घेऊन, मंगलाष्टकांच्या वेळी पोचा. तेव्हा हॉलमध्ये कुणालाच कुणाचं ऐकू येत नसतं, म्हणजे त्यांनाही बोलावं लागणार नाही. डावा गाल भिंतीकडे येईल अशी खुर्ची धरा. भाच्याला आधी फोन करून सांगा, मामाला स्टेजवर बोलव पण माइक देऊ नको. अक्षता टाका, एक फोटो काढा, आणि जेवणाची घाई सुरू व्हायच्या आत निघा. कुणी "जेवून जा न" म्हटलं तर उत्तर तुम्ही द्यायचं नाही, त्यांना देऊ द्या. "घरून जेवून आलो." एवढंच. त्यात प, फ, ब, भ, म यातलं एकही अक्षर नाही, मी बघूनच निवडलंय. आजपासून रोज वीसदा म्हणून घ्या.